पोराला खेळू द्या, ताई
एका ताईंनी लिहिलंय की मुलाची किडनी बदलून वर्ष झालं, तरी सासूबाई नातवाला अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. भीती समजते, पण घरात बसवून ठेवू नका. किडनी बदलल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधानं वजन वाढतं, हाडं कमजोर होतात. त्यावर धावणं, सायकल हाच मोठा आधार. सवंगड्यांत मिसळलं की पोराचं मनही खुलतं. नवी किडनी बरगड्यांच्या आड नसते, ओटीपोटात पुढच्या बाजूला असते. म्हणून कबड्डी, कुस्ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आपल्याकडे मोठी काळजी उन्हाची. मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर जातो, अन् अंगातलं पाणी आटलं की किडनीवर ताण येतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच खेळू द्या, पाण्याची बाटली सोबत हवीच. शाळेतल्या पीटीच्या सरांनाही हे सांगून ठेवा.