मदत हवी आहे: ला राम्ब्लावरचे जिवंत पुतळे कधी दिसतात?

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन बार्सिलोनाला जातोय. तिथल्या ला राम्ब्ला या प्रसिद्ध रस्त्यावरून, प्लासा दे कातालुन्या चौकापासून कोलंबसच्या स्तंभापर्यंत, साधारण १.२ किलोमीटर, रमतगमत चालायचा बेत आहे. रविवारी याच रस्त्यावरची बोकेरिया मंडई बंद, म्हणून शनिवार धरलाय.

आईला अंगाला रंग फासून निश्चल उभे राहणारे ते जिवंत पुतळे बघायचेत. बंदराकडच्या सांता मोनिका भागात सकाळी दिसतात की संध्याकाळीच? फोटोसाठी एक युरोचं नाणं पुरतं का? नुसता फोटो काढून सटकणं बरं वाटत नाही.

बाबांची वेगळीच काळजी. कुठल्या वाटीखाली गोळी लपवलीय यावर पैसे लावायचा खेळ दिसला की ते थांबणारच, आणि तिथे 'जिंकणारे' त्याच टोळीतले! गर्दीत खिसेकापूही असतात म्हणे. जाऊन आलेल्यांनी पाकीट, पासपोर्ट कसे सांभाळले?