लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन वाढेना. शिशामुळे असेल का?

मिरजेची_सून:
धाकटे दीर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या शेडमध्ये कामाला आहेत. चेहरा पांढराफटक, जिना चढला की धाप, मधूनच पोटात कळा, शौचालाही घट्ट. हिमोग्लोबिन 9.2. लोहाच्या गोळ्या नेमानं घेतात, काडीचा फरक नाही. नव्या डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासलं तर ते नॉर्मल! स्लाइडच्या रिपोर्टात 'बेसोफिलिक स्टिपलिंग' आलंय, म्हणून रक्तातलं शिसं बघायला सांगितलंय. सासूबाईंचं बीट-खजूर चालूच आहे. लोह पुरेसं असताना रक्त कमी कसं?

जुना_लॅबवाला:
ताई, डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. हिमोग्लोबिनमधलं हीम (लोह धरून ठेवणारा भाग) तयार होताना शेवटच्या पायरीला लोह आत बसतं. ते बसवणारं एन्झाइम, फेरोकेलाटेज, शिसं अडवून धरतं. त्याच्या आधीचं एक एन्झाइमही (अलाड म्हणतात) शिशापुढे लुळं पडतं. म्हणजे नवरदेव मांडवाच्या दारात उभा, पण आत घ्यायला कोणी नाही! मग गोळ्या कितीही घ्या. लोहाच्या जागी जस्त बसतं, म्हणून झिंक प्रोटोपॉर्फिरिन वाढलेलं सापडतं.

स्टिपलिंगचं सांगतो, कारण त्या स्लाइडी बघण्यातच माझी नोकरी गेली. तांबडी पेशी मोठी होताना आतला आरएनए मोडून साफ करते. त्या साफसफाईचं एन्झाइमही शिसं बंद पाडतं. उरलेला आरएनए लीशमन स्टेनमध्ये (स्लाइडला द्यायच्या रंगात) पेशीभर निळ्या ठिपक्यांनी उठून दिसतो. पण थॅलेसेमियातही (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) ठिपके दिसतात, तेव्हा नुसत्या स्लाइडवर निकाल नको. शिवाय अशा पेशी नेहमीचे 120 दिवस टिकत नाहीत. तयार होतात कमी, मरतात लवकर.

शिशाची तपासणी पूर्ण रक्तावरच करा, सीरमवर (पेशी काढून उरलेल्या पाण्यावर) नको. रक्तातलं जवळपास सगळं शिसं तांबड्या पेशींतच असतं.

बॅटरी_कोल्हापूर:
आमचं बॅटरीचंच दुकान. शेडमध्ये बिडी, तंबाखू, डबा, सगळं बंद करायला सांगा. हाताची धूळ तशीच पोटात जाते. कपडे तिथंच बदलायचे, आंघोळ करूनच घरी यायचं.

मिरजेची_सून:
ते तर त्याच कपड्यांत येतात आणि धाकटीला उचलून घेतात. पोरींची तपासणी करावी का? औषधानं शिसं निघतं म्हणे?

जुना_लॅबवाला:
पोरींची आधी करा. लहान मुलांत शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. अमेरिकेत डेसीलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमपासूनच पाठपुरावा सुरू करतात. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणून त्यांचं फेरिटिनही बघा. सासूबाईंचा खजूर तिथं कामी येईल.

शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, पण कुणाला द्यायची ते पातळी बघून डॉक्टर ठरवतील. दिरांना आधी शेडमधून बाहेर काढा, नाहीतर इकडून काढायचं आणि तिकडून भरायचं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं; हाडात बसलेलं मात्र वर्षानुवर्षं झिरपत राहतं.

आणि हो, पोरींचं रक्त बोट टोचून घेणार असतील तर आधी हात साबणानं नीट धुवा. कातडीवरची धूळ मिसळली की आकडा उगीच फुगतो. तरीही जास्त आलाच, तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा करून घ्या.