मदत हवी आहे: लँडिंगला बाउन्स (उसळी) झाला की हात आपोआप योक (विमानाचं नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलतो

नमस्कार. मी विद्यार्थी वैमानिक आहे. सेसना १७२ या छोट्या विमानावर ३८ तास झालेत, त्यातले ४ सोलो, म्हणजे एकट्याने. परवाच्या सोलो सर्किटपासून (उड्डाण, धावपट्टीभोवती फेरी आणि लँडिंग) धड झोप नाही, म्हणून विचारतोय.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, वेग ६५ नॉट हवा होता, माझा ७५ होता. दिसत होतं, पण वाटलं, जास्त आहे तर बरंच, स्टॉल (पंखांची उचल जाणं) तरी होणार नाही. मग विमान टेकेचना, जमिनीलगत तरंगत राहिलं. पट्टी संपत आली म्हणून योक जरा सैल सोडलं आणि तिन्ही चाकं एकदम आपटली. विमान उसळलं. समोर नुसतं आभाळ दिसलं आणि माझ्या हाताने योक पुढे ढकललं. दुसऱ्यांदा नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी आपटलं, उसळी पहिल्यापेक्षा मोठी. तिसऱ्यांदा योक मागे धरून ठेवलं, कसाबसा थांबलो.

मेकॅनिकला फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीच्या) पत्र्यावर, नोजव्हीलचा स्ट्रट (दांडा) बसतो तिथेच, सुरकुती सापडली. मी बोट फिरवून पाहिलं, वळी हाताला लागते. प्रोपेलर वाचला.

बाउन्स मोठा असेल तर फुल पॉवर, गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं), हे मला तोंडपाठ आहे. त्या दोन सेकंदांत थ्रॉटल (इंजिनची पॉवर देण्याची मूठ) आठवलाच नाही. इन्स्ट्रक्टर शेजारी असले की असं होत नाही, त्यामुळे सरावात ही चूक पकडताच येत नाही. ही सवय मोडायची कशी?

प्रतिसाद:
शिकवण्याच्या अनुभवावरून सांगते. चूक फायनलवरच झाली होती. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६५ ऐवजी ७५ नॉटला ती जवळजवळ ३३ टक्के जास्त. ती संपेपर्यंत विमान टेकणार नाही, आणि बळजबरी केली की उसळणारच. फायनलवर वेग जागेवर नसेल तर तिथूनच गो-अराउंड करा.

इन्स्ट्रक्टरांना सांगून फ्लेअरमधून (टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेतानाच्या टप्प्यातून) गो-अराउंडचा सराव करा, दर दोन-तीन सर्किटला एक, हात थ्रॉटल शोधायला लागेपर्यंत. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: पूर्ण फ्लॅप्स (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) आणि लँडिंगचं ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी जुळणी) असताना फुल पॉवर दिली की १७२ चं नाक जोरात वर जातं. तेव्हा योक पुढे दाबून धरावंच लागतं, पण पॉवर दिल्यावर. फ्लॅप्स आधी २० अंशांवर आणा, एकदम सगळे काढू नका. तोवर सोलो थांबवा.

आणि फ्लेअरमध्ये तुमची नजर कुठे असते? नाकापुढच्या डांबरावर असेल तर उंचीचा अंदाज येणार नाही, पट्टीच्या दूरच्या टोकाकडे बघा.