खंजिरी मॉरिशसला कशाला?

आर्वीकडचा भजनी
परवा एका मंडळाने लिहिलं: ‘तिवसा तालुक्यातलं आमचं भजनी मंडळ मॉरिशसला जाऊन तिथल्या सेगा या लोकसंगीताच्या कलाकारांसोबत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं रेकॉर्ड करणार आहे. खंजिरी आणि तिथलं रावान हे चर्मवाद्य एकत्र वाजलं पाहिजे. गावात वर्गणी सुरू आहे.’ दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

सोयाबीनचा पैसा अजून कुणाच्या हातात नाही आणि तुम्ही पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरताय. तो पैसा विमानाच्या तिकिटात जाणार. आमच्या पंचक्रोशीत ऐंशी ओलांडलेले एक बुवा आहेत, ज्यांनी महाराजांचं भजन समोर बसून ऐकलंय. चरण संपता संपता झांजांचा आवाज दाबून खंजिरीच्या नुसत्या पानावर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, ते जो हात मारतात, तो आजवर कुणी टिपला नाही. त्यांच्याकडे माईक घेऊन जायला किती भाडं लागतं?

दुसरं, सेगाची चाल सहाआठची, म्हणजे सहा मात्रांची. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. कुणाला तरी आपली लय सोडावी लागणार. रेकॉर्डिंगला कानात ठरलेल्या लयीची टिकटिक लावून गायला बसवलं की ती आपल्याच माणसाची सुटणार. भजन सावकाश उठतं आणि शेवटी चढतं. ते चढणंच कापलं तर उरलं काय?

मंडळातलाच एक
काका, महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा त्यांच्या गावी यावलीत माणसं कमी होती म्हणून गेले का? मॉरिशसला १८३४ पासून आपले मजूर ऊसमळ्यात राबायला नेले, त्यात मुंबईहून गेलेले मराठी होते. त्यांची पोरंबाळं आजही भजनं म्हणतात, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. तो परका मुलूख नाही. सेगा म्हणजे गुलामीत राबलेल्यांचं गाणं, २०१४ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलंय. कष्टकऱ्याचं गाणं कष्टकऱ्याच्या गाण्याला भेटतंय, यात वाईट काय?

लयीचं म्हणाल तर सहा मात्रांच्या दादऱ्यातली भजनं आपल्याकडे नाहीत का? तीच निवडलीत.

वरूडचा संत्रावाला
तुमी लय अन् युनेस्कोवर भांडून रायले, मले एकच सांगा. रावानचं पान बकऱ्याचं असते, वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, आपल्या डफासारखं. मंग आपल्या खंजिरीले फायबरचं पान कायले? माह्या बापाची खंजिरी कातड्याची होती, तिचा घुमारा शिवेपर्यंत जाये. आता सारे मंडळवाले पिलास्टिक बडवतात. असं घेऊन जासान त त्या लोकाइपुढं इज्जत जाईन.

जुना कानसेन
संत्रावाले भाऊ, खरा आवाज बकऱ्याचाही नाही, घोरपडीचा. पातळ कातडं, बोट टेकलं की बोलतं.

महिला मंडळ, चांदूर रेल्वेकडचं
घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. ती मारणं गुन्हा आहे, हे भजनाच्या चर्चेत सांगावं लागतंय याची लाज वाटते. ‘कोणाही जिवाचा न घडो मत्सर’ म्हणणारी आपण माणसं.

आणि फायबरला नावं ठेवणाऱ्यांनी श्रावणात आमच्यासोबत यावं. रात्री चार घरी भजन असतं, हवा दमट, कातडं ओल्या पापडासारखं पडतं. पुरुष मंडळींना अंगणात शेकोटी पेटवून मिळते. आम्ही घरचं आवरून, डब्बे भरून निघतो, आम्ही कुठल्या चुलीपाशी बसावं? फायबर आलं म्हणून आमच्या मंडळात सुनांनी खंजिरी हातात घेतली. माझ्या सासूबाईंना जन्मभर फक्त टाळ मिळाला. आवाज कमी आहे, मान्य. पण वाजवणारे हात वाढले, ते कुणी मोजत नाही.

मॉरिशसच्या यादीत बाई आहे का, तेही सांगा.

वरूडचा संत्रावाला
ताई, मी बायाइच्या विरोधात एक शब्द बोललो नाई. उगाच माह्या तोंडी घालू नका. घोरपडीचं मीही नाई म्हटलं.

महिला मंडळ, चांदूर रेल्वेकडचं
‘पिलास्टिक बडवतात’ कुणाला म्हणालात मग? बडवणाऱ्या आम्हीच आहोत.

वरूडचा संत्रावाला
बरं, तो शब्द मांगं घेतो. आवाजाचं मांगं घेत नाई.

एक निवृत्त मास्तर
कातड्यावरून उतरा. महाराजांचं निर्वाण १९६८ चं. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. लेखी परवानगी घेतलीत का? तुकोबांचे अभंग कुणीही गावेत, इथं तसं नाही. आमच्या गावचं भजन शहरातल्या एका कंपनीने रेकॉर्ड करून नेलं. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, पैसा नाही, आणि आमच्याच पोराने मोबाईलवर टाकलं तर हक्कभंगाची सूचना आली. तिथल्या रावानवाल्यांशीही कागद करा. आपल्यासोबत झालं ते आपण त्यांच्यासोबत करू नये.

मंडळातलाच एक
परवानगीचा अर्ज अजून केलेला नाही. या आठवड्यात करतो. यादीत बाई नाही, तेही खरं. पण ताई, तुमच्यातलं कुणी दोन आठवडे घर सोडून येईल का?

महिला मंडळ, चांदूर रेल्वेकडचं
विचारलंत का कधी? आधी विचारा, मग आम्ही घरी बोलू.

आर्वीकडचा भजनी
दादऱ्याचं पटलं, नाइलाजाने. वर्गणीचं पटलेलं नाही, पटणारही नाही. ज्याला जायचंय त्याने स्वतःच्या खिशातून जावं. आणि जायच्या आधी बुवांकडे या. दिवसा ते कापसात असतात, सायंकाळची प्रार्थना झाली की भेटतील. टिकटिक घेऊन येऊ नका.

मंडळातलाच एक
गुरुवारी येतो. माईक आमचा. खंजिरी त्यांची कातड्याची की फायबरची?

आर्वीकडचा भजनी
फायबरची. कातड्याची उंदरांनी खाल्ली.