अमेरिकेतील तुरुंगातून येणाऱ्या फोनचा खर्च

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): माझा भाचा कॅलिफोर्नियातील काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) तुरुंगात आहे. ताई कॅलिफोर्नियातच राहते. त्याचा आवाज रोज ऐकावा असे तिला वाटते, पण भरलेले पैसे पाहता पाहता संपतात. हे फोन इतके महाग का?

उत्तर १: तुरुंग एकाच कंपनीशी करार करतो आणि अनेक ठिकाणी मिळकतीचा वाटा प्रशासनालाही जात आला आहे, त्यामुळे स्वस्त कंपनी निवडण्याची मुभा कुटुंबाला, जे खरे तर पैसे भरते, उरतच नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर २: २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांतील फोन कायद्याने मोफत आहेत, काउंटीच्या तुरुंगांना मात्र तो कायदा लागू नाही. ताईंनी प्रतिमिनिट दर लेखी मागून घ्यावा.