झऱ्याच्या तोंडचा काळा गाळ जेसीबीनं उपसू नका

जांभा_कातळ (धागाकर्ता)

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, कडेला बारमाही झरा आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी बंद पडलं की सगळी वाडी त्याच्यावरच. तोंडाशी पाणी नितळ. चार हात पुढं गेलं की दगडांवर नारिंगी-तांबडा गाळ, आणि बाजूच्या डबक्यात काळाकुट्ट चिखल. ढवळला की कुजक्या अंड्याचा वास येतो. गावात आता असं चाललंय की तोंड जेसीबीनं खरवडायचं, गाळ काढून टाकायचा, वर सिमेंटची बंद टाकी बांधायची आणि टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) टाकत राहायचं. माझा याला विरोध आहे.

त्या झऱ्यातलं तांबडंही लोहच आणि काळंही लोहच. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यात वजनानं साधारण १० ते १४ टक्के लोहाचं ऑक्साइड असतं. वरचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, त्याच कातळापासून झाला. लाखो वर्षांच्या पावसानं बाकीचं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागं राहिलं. पाऊस जांभ्यातून मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि कडेला झरा होऊन बाहेर पडतो. वाटेत जिथं पाण्यातला प्राणवायू संपतो तिथं लोह विरघळतं. विरघळलेलं लोह डोळ्याला दिसत नाही, म्हणून तोंडाशी पाणी नितळ. हवा लागली की त्याचा गंज होऊन दगडावर बसतो. गॅलिओनेला आणि लेप्टोथ्रिक्स हे जिवाणू याच कामावर जगतात. पाण्यावर दिसणारा इंद्रधनुषी तवंगही बहुतेक त्यातलाच. काडी लावून बघा: लोहाचा तवंग काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो, तेलाचा असेल तर परत मिळून येतो.

डबक्यात हवा पोचत नाही आणि पालापाचोळा कुजत असतो. तिथले वेगळे जिवाणू श्वासासाठी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचाच. हा वायू विरघळलेल्या लोहाला भेटला की लोहाचं काळं सल्फाइड तयार होतं, आधी मॅकिनावाइट आणि ग्रेगाइट, पुढं सावकाश पायराइट. अशा चिखलातल्या पायराइटचे कण सूक्ष्मदर्शकाखाली महाबळेश्वरच्या रासबेरीसारखे गुच्छागुच्छानं दिसतात. आपल्या वाडीच्या वर, एका डबक्यात खनिज घडतंय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि अर्ध्या तासात ती जेसीबीच्या बकेटमध्ये जाणार याचं दुःख होतं.

पाटणची_सून

दादा, तुमचं सगळं खरं असेल. पण पाण्याला जातं कोण? पोरांच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडे डाग पडतात, ते साबणानं जात नाहीत. चहा टाकला की काळपट होतो. हंड्याच्या तळाला गंज बसतो. पाहुणे आले की ते पाणी पुढं करायची लाज वाटते. खनिज घडतंय म्हणून आम्ही हे असंच चालवून घ्यायचं का? टाकी बांधू द्या.

जांभा_कातळ

ताई, डागांचं तुमचं म्हणणं रास्त आहे. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्याला डाग आणि चवीत फरक येतो. चहातलं टॅनिन लोहाला धरतं म्हणून तो काळा पडतो. पण गाळ काढून हे थांबणार नाही, कारण लोह गाळातून येत नाही, झऱ्याच्या पाण्यातून येतं. उपसलं तरी तोंडापुढं गंज पुन्हा साठणारच.

कृष्णाकाठ_वाळवा

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. सल्फेट आलं कुठून? बेसाल्टमध्ये गंधक फारसं नसतं. आमच्याकडं उसाच्या पट्ट्यात अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट पोत्यानं पडतं, जमिनी खारवल्या, विहिरींची चव बदलली. सांडपाण्यातही हेच जिवाणू वाढतात आणि असाच वास येतो. झऱ्याच्या वर कुणाचा गोठा, शोषखड्डा आहे का? ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कौतुक करण्याआधी हे तपासा. आमच्या भागात नैसर्गिक म्हणत म्हणतच पाणी हातचं गेलं.

जांभा_कातळ

वर उघडा सडा आणि त्याखाली झाडीचा पट्टा आहे. शेती नाही, घर नाही. गंधक कुजणाऱ्या पाल्यातूनही येतं आणि एवढ्याशा डबक्याला ते पुरतं. तरी तुमचा मुद्दा मला मान्य आहे: गोठा नसला तरी जनावरं पाण्यावर येतात. म्हणून आधी तपासणी, मग खोदाई. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. त्यात लोह, सल्फेट, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणारे जिवाणू) बघायचं. नायट्रेट आणि कोलिफॉर्म जास्त निघाले तर तुमची शंका खरी ठरेल.

पाणीपुरवठा_निवृत्त

मी नोकरीभर गावांच्या पाण्याचीच कामं केली. स्पष्ट बोलतो, राग नसावा. उघडा झरा म्हणजे आजार. म्हशी बसतात, माकडं घाण करतात, पावसाळ्यात वरचा सगळा लोंढा आत येतो. कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ अशाच पाणवठ्यावरनं उठते. झऱ्याचं तोंड झाकून घेणं ही जगभर मानलेली पद्धत आहे. चार लोकांना खनिज बघायचंय म्हणून वाडीचं आरोग्य टांगणीला लावणं मला पटत नाही. टीसीएल तर हवंच.

जांभा_कातळ

साहेब, झाकण्याला माझा विरोध नाही. गंज धरणारं पाणी बंद टाकीत कोंडण्याला आहे. विरघळलेलं लोह आणि सल्फाइड दोन्ही क्लोरीन खाऊन टाकतात. एक मिलिग्रॅम लोहाला सुमारे ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, सल्फाइडला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे पावडर पडणार, पाणी तांबडं होणार, आणि जंतू मारायला क्लोरीन उरेलच याचा भरवसा नाही. शिवाय टाकीच्या तळाला असाच चिखल साठला तर वायू आतच राहील. उघड्यावर तो नुसता वास असतो. बंद जागेत साफसफाईला उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पाणीपुरवठा_निवृत्त

जाणतो. म्हणूनच टाकीला हवेचा पाइप आणि तळाला धुण्याचा वॉल्व्ह देतात. रचना नीट असली तर तुमची भीती उरत नाही. आणि क्लोरीन उरत नाही म्हणून टाकायचंच नाही, हे कसं चालेल? मात्रा वाढवायची.

मिरजेचा_मावळा

लोखंडाचं पाणी रक्ताला चांगलं असतं म्हणतात. गंधकाच्या पाण्यानं त्वचेचे रोगही जातात. कुंड बांधा, लोक येतील, वाडीला पैसा मिळेल.

पाटणची_सून

गंज पिऊन रक्त वाढत नाही हो. आमच्यातल्या किती बायका वर्षानुवर्षं हेच पाणी पितात आणि तपासणीत रक्त कमीच निघतं. गोळ्या सरकारी दवाखान्यातनंच घ्याव्या लागतात. आणि लोक अंघोळीला यायला लागले तर आम्ही प्यायचं काय?

कोयनानगरची_लेक

थोडं वेगळं विचारते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या घरच्यांनी सोसलाय. जमिनीतनं वास यायला लागला की आजही घरात सगळे गप्प होतात. याचा भूकंपाशी काही संबंध नाही ना?

जांभा_कातळ

ताई, पाणी हाताला गार लागतं आणि वास चिखल ढवळल्यावरच येतो. म्हणजे तो वरच्या हातभर गाळातला आहे. कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथं गरम पाण्याचे झरे आहेत; ते पाणी खोलातून येतं. आपला झरा तसा नाही. घरच्यांना निश्चिंत राहायला सांगा.

सडा_वाटाड्या

एवढं लोह असेल तर खाण काढता येईल का? महाबळेश्वरकडं धावड लोक पूर्वी जांभ्यातनं लोखंड गाळायचे म्हणे.

जांभा_कातळ

गाळायचे, खरं आहे. त्यांना भट्टीला कोळसा लागायचा, म्हणजे जंगल तुटायचं. आपल्या झऱ्यातला गंज पाट्यांनी मोजण्याएवढा आहे. खाण हा विषयच इथं नको.

परत मूळ गोष्टीकडं. माझा प्रस्ताव असा: मूळ तोंड हातानं, दगड रचून, झाकून घ्या, जेसीबी नको. कठीण थर फुटला तर पाणी दुसऱ्याच वाटेनं निघून जातं आणि ती वाट परत वळवता येत नाही. तिथून पाणी पाइपानं खाली घ्या, दोन-तीन पायऱ्यांवरून पडू द्या. हवा लागून लोहाचा गंज होईल, वासाचा वायू उडून जाईल. मग वाळूच्या गाळणीतून टाकीत, आणि टीसीएल त्या टाकीत. तिथं ते जंतूंवर काम करेल. काळं डबकं बाजूला आहे, पिण्याच्या वाटेत येत नाही. त्याला कुंपण घाला आणि तसंच राहू द्या.

कृष्णाकाठ_वाळवा

हे पटण्यासारखं आहे. एक भर घालतो. तो चिखल खरंच लोहाचं सल्फाइड आहे का, हे घरी कळतं. चमचाभर पांढऱ्या बशीत पसरून ठेवा. दिवसभरात तांबूस पडला तर लोहाचं सल्फाइड. काळाच राहिला तर नुसता कुजलेला पाला, मग कुंपण कशाला घालता?

पाणीपुरवठा_निवृत्त

पायऱ्या आणि वाळूची गाळणी चालते, मी अशा बांधल्यात. पण वाळू गंजानं काही आठवड्यांत तुंबते. ती धुतली नाही तर पाणी गाळणीवरनं वाहून सरळ टाकीत जातं. अशा किती गाळण्या मी वर्षभरात बंद पडलेल्या पाहिल्यात. म्हणून माझं मत बंद टाकीलाच आहे. तिला रोज माणूस लागत नाही.

पाटणची_सून

वाळू आम्ही धुऊ, पण फुकट नाही. बचत गटाला पंचायतीनं महिन्याचा मेहनताना ठरवून द्यावा, ठरावात लिहून द्यावा, आणि तपासणीचा कागद वाचून दाखवावा. एवढं झालं तर मी पायऱ्यांच्या बाजूनं. नाही तर टाकीच्या. आणि दादा, नमुना घ्यायला जाल तेव्हा आम्हाला सांगा. बाटली कुठं बुडवायची ते आम्हीच दाखवू, कारण दुपारचं पाणी आणि पहाटेचं पाणी वेगळं असतं.

जांभा_कातळ

पहाटेच जाऊ. लोहासाठी बाटली काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता बंद करायची. जंतूंसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली वेगळी आणायची. मेहनतान्याचा मुद्दा ठरावाच्या पहिल्या ओळीत घालतो.