मदत हवी आहे: चेटकिणींची, पण मायेची गोष्ट

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री जागताना सांगू मंदण्णा यांची २०२२ सालची ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इरेग्युलर विचेस’ वाचली. भारतात जन्मलेली, इंग्लंडमध्ये एकटी वाढलेली मिका तीन छोट्या चेटकिणींना जादू शिकवायला जाते आणि त्या घरचीच होऊन जाते. तिथल्या ग्रंथपाल जेमीशी तिचं हळूहळू जुळतं, तेही फार गोड. थर्मासातला चहा पार निवला होता, पण कितीतरी दिवसांनी जीव शांत झाला.

आता आईला असंच काही वाचून दाखवायचंय, आणि तिला इंग्रजी समजत नाही. अप्पा बळवंत चौकात दोन दुकानांत विचारलं, तर चेटकीण म्हटल्यावर भयकथाच पुढे केल्या! मराठीत अशी ऊबदार, जादूची प्रेमकथा आहे का? अनुवादही चालेल. प्रकाशकाचं नाव कळलं तर फार बरं होईल.